येते म्हणायची चोरी

माझा काटा वळत नव्हता.

आमच्या इमारतीत सगळ्यांचे वळले होते. खालच्या मजल्यावरच्या फिलिपिनो बाईचा वळला, धैर्यशीलचा तर मी यायच्या आधीच वळला होता, आणि आमच्या शर्वीचा, वय वर्षं सहा, विमानातनं उतरून आठवडा व्हायच्या आत वळला. मी तेवढी राहिले. धैर्यशील म्हणाला, "घाडग्यांचं डोकं ते, वळतंय कशाला." म्हटलं, घाडग्यांची पोरगी करून घेताना हा विचार करायचा होतास.

देशाचं नाव लिहीत नाही. राहायची परवानगी देताना त्यांनी तशी सही घेतलीय, आणि ही परवानगी मला इतकी महाग पडलीय की आता ती घालवायची नाही. उत्तरेला समुद्राकाठी आहे, हिवाळ्यात दुपारच्या चहालाच दिवे लावावे लागतात, एवढं पुरे. आम्ही दोघं नवराबायको पवनचक्क्यांचे कारागीर. पाटणच्या वरच्या पठारावर कामाला होतो, तिथंच ओळख, तिथंच लग्न. इकडं समुद्रात हजारो पवनचक्क्या, आणि त्यांवर चढणारी माणसं म्हातारी झालेली. धैर्यशील उन्हाळ्यात पुढं आला, मी आणि शर्वी थंडी सुरू होताना.

पहिले दिवस म्हणजे नुसती फजिती. पहिल्याच रविवारी कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि आख्ख्या इमारतीत आगीचा भोंगा वाजला. सगळे शेजारी घरातल्या कपड्यांवर बर्फात उभे, आणि मी त्यांच्यात, हातात पळी. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. दाराबाहेर काढलेल्या चपला दुसऱ्या दिवशी कचऱ्यात गेल्या, कारण दाराबाहेर ठेवलेली वस्तू म्हणजे टाकलेली वस्तू. शेजारणीला वाटीभर शिरा दिला, तर तिनं वाटी घासून, पुसून, रिकामी परत केली. रिकामी! मी रडले तिथं. शिऱ्यासाठी नाही हो, रिकाम्या वाटीसाठी. धैर्यशील म्हणायचा, "होईल सवय." आणि स्वतः रोज कामावरनं येताना बसमधनं एक स्टॉप पुढं जायचा आणि मागं चालत यायचा. मी चिडवायची, "उन्हाळ्यापासून राहतोयस, अजून घर सापडत नाही होय रे?" तो हसायचा आणि बूट काढायला खाली वाकायचा.

तर काटा.

वाळवंटात एक मुंगी असते. खाणं शोधायला निघाली की वाट्टेल तशी फिरते, वाकडीतिकडी, मागंपुढं. पण खाणं मिळालं की वारुळाकडं रेघ मारल्यासारखी सरळ येते. प्रत्येक वळणाची आणि प्रत्येक पावलाची बेरीज तिच्या मेंदूत चालू असते, आणि त्या बेरजेतनं एकच उत्तर सारखं निघत राहतं: घर तिकडं, इतकं लांब. त्या मुंगीला मध्येच उचलून दुसरीकडं ठेवली, तरी ती त्याच दिशेला तेवढंच अंतर चालते. वारूळ जिथं असायला हवं होतं तिथं पोचते, आणि मग तिथंच गोल गोल फिरत राहते.

माणसाच्या मेंदूतल्या जागा ओळखणाऱ्या पेशी पूर्वीच माहीत झाल्या होत्या. मग त्यांच्याच शेजारी आणखी काही पेशी सापडल्या, ज्यांना एकच काम: घराची दिशा धरून ठेवायची. झोपेत, कामात, भांडणात, सुट्टी म्हणून नाही. आपल्याला त्याचा पत्ता नसतो, फक्त कधीतरी उगाच जीव ओढल्यासारखा वाटतो, ती ह्यांची करणी. कानामागं टिकलीएवढी चकती चिकटवली की ह्या पेशींचा कल वाचता येतो, आणि फोनवर तो काट्यासारखा दिसतो. माझा काटा फरशीत घुसलेला. पृथ्वी गोल ना. सरळ रेघ धरली तर आमचं गाव जमिनीतनं तिरकं, खाली आग्नेयेला येतं. स्वयंपाकघरात उभी राहिले की काटा बरोबर भांडी धुवायच्या मशीनखाली. धैर्यशील म्हणायचा, "सासूबाई तिथं भांडी घासत बसल्यात वाटतं."

ह्या देशाचं दुखणं असं की बाहेरनं माणसं आणायची, भाषा शिकवायची, घर द्यायचं, आणि माणूस दोन वर्षांत एकतर परत जायचा नाहीतर झोपेच्या गोळ्यांवर यायचा. ज्यांचा काटा जुन्या घरावरनं सुटला ते टिकले, बाकीचे नाहीत, असं त्यांच्या पाहणीत दिसलं. मग कायदा आला. पहिला हिवाळा संपायच्या आत काटा जुन्या घरावरनं सुटला पाहिजे. नाही सुटला तर त्या माणसाला मानानं परत पाठवायचं. "मानानं" हा शब्द कायद्यातच आहे.

स्थिरावणी केंद्रात मला मारेन नावाची बाई नेमून दिली होती. गोरीपान, शांत, माझ्याच वयाची. चांगली होती हो बाई, तिच्यावर राग काढता येत नाही हीच तर पंचाईत. ती तिच्या भाषेत बोलायची आणि माझ्या कानातला दुभाष्या मराठीत सांगायचा. पण मराठी कसलं, सरकारी पाटीवरचं.

"आपला निर्देशक दिवसभर सैल होत जातो," दुभाष्या म्हणाला. मारेननं पडद्यावर रेघ दाखवली. "कामाच्या ठिकाणी तर तो उत्तम सैल होतो. परंतु संध्याकाळी आपण मातेशी संभाषण करता आणि संभाषणाच्या अंती तो झटक्यासरशी पूर्वपदावर जातो. दररोज. आम्ही तो क्षण ऐकला आहे."

तिनं ऐकवलं. माझाच आवाज. "येते गं आई."

इथं भिंतीचं सांगायला पाहिजे. कंपनीनं आमच्या घरात आणि आईच्या स्वयंपाकघरात एकेक भिंत बसवून दिली होती. चालू केली की आईचं स्वयंपाकघर तसंच्या तसं समोर, कट्ट्यावरच्या मिठाच्या बरणीसकट. पूर्वी फोन असताना आम्ही शेवटी "ठेवते" म्हणायचो. पण भिंतीत ठेवायचं काय? आईसमोर पाट घेऊन बसायचं, ती तिकडं भाकरी थापणार, मी इकडं भाजी चिरणार. उठताना तोंडातनं आपोआप निघायचं ते "येते". आणि ती मान न वळवता म्हणायची, "ये."

"आपण दररोज आगमनाची घोषणा करता," दुभाष्या म्हणाला. "परंतु आगमन करीत नाही. असे का?"

"अहो बाई, ते निघताना म्हणतात."

"निघताना आपण येत असता?"

"हो."

"म्हणजे हे असत्य कथन आहे?"

"खोटं कशाला बोलीन? 'जाते' म्हणू नये, म्हणून म्हणायचं. अभद्र असतं ते. जाते म्हणून गेलेलं माणूस परत येत नाही."

बोलले आणि जीभ चावली. मारेन हळूच म्हणाली, आणि ह्यावेळी दुभाष्यालाही नीट जमलं, "तेच तर आम्हाला हवं आहे."

मी म्हटलं, नसेल वळत तर नाही, मी पोरगीला घेते आणि जाते आपली गावाला. पठारावर चक्क्या काय पळून गेल्या नाहीत. तेव्हा मारेननं एक कागद काढला. शर्वीची मोजणी पूर्ण झाली होती. मोजणी झालेलं मूल इथलं. बापही इथला. त्यामुळं मी गेले तर मी गेले. शर्वी राहणार.

"अहो, पण आठवड्यात वळला म्हणजे तिचा काटा मुळात कुठल्या जागेला धरलेलाच नाही!"

"हे खरे आहे," मारेन म्हणाली. "लहान मुलांचा निर्देशक जागेकडे नसतो. तो मातेकडे असतो. आपण येथे आलात, म्हणून तो येथे आला."

"मग मी गेले की माझ्यामागं येईलच की तो!"

"कायदा एकदाच मोजतो," ती म्हणाली, आणि खरंच तिचे डोळे भरले. डोळे भरून काय उपयोग? मी तिचा पुढं आलेला हात झिडकारला आणि बाहेर आले.

त्या संध्याकाळी धैर्यशीलशी कडाकडा भांडले.

"एक शब्द आहे, सानिका," तो म्हणाला. "पोरीसाठी एक शब्द बदलता येत नाही तुला?"

"तू बदललास?"

"केव्हाच. सकाळी निघताना मी काय म्हणतो, ऐकलंयस का कधी?"

आठवून बघितलं. गावाकडं दारातनं ओरडायचा, "येतो गं!" इथं आल्यापासून नुसता "चल" म्हणायचा. आणि मला ते कळलंसुद्धा नव्हतं.

"तुझं बरंय," मी म्हटलं. "तुझी आई नाही." असं बोलायला नको होतं. पण तो चिडला नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली.

मी आरशासमोर "जाते" घोटायला लागले, पण आईसमोर जीभ रेटेना, म्हणून आधी पळवाटा काढल्या. "ठेवते" म्हणून बघितलं. तोंड ठेवते म्हणालं, मन येते म्हणालं, काटा फरशीत. काही न बोलता भिंत बंद करून बघितली, तर बंद होता होता आईचं "ये" ऐकू आलंच. हिवाळा संपत चालला. समुद्राच्या कडेचा बर्फ फुटायला लागला. मारेनचे निरोप यायला लागले, फार मायेचे.

मग एका संध्याकाळी मी मन घट्ट केलं. आई तिकडं शेंगा फोडत बसली होती. उठले आणि म्हटलं, "जाते आई."

तिचा हात थांबला.

"काय म्हनलीस?"

"जाते म्हटलं."

"तोंडाला काय झालंय का गं तुझ्या? तिन्हीसांजंचं आसं बोलत्यात व्हय? बस. बस खाली. पानी पी घोटभर. आन् नीट म्हन."

मी बसले. पाणी प्याले. तीस वर्षं ओलांडलेली बाई, समुद्रात शंभर मीटर उंचीवर दोरीला लटकून पाती जोडणारी, पण आईनं बस म्हटल्यावर बसले. आणि तिथंच भडभडून आलं. सगळं सांगून टाकलं, काटा, चकती, कायदा, शर्वी.

आईला मेंदूतल्या पेशी किती कळल्या देव जाणे. तिनं एवढंच विचारलं, "पोरगी तितंच ऱ्हानार?"

"हो."

"आन् तू हिकडं?"

"हो."

तिनं शेंगांची टरफलं गोळा केली. मग म्हणाली, "उद्या ये. आंगावर चांगलं लुगडं घालून ये."

दुसऱ्या दिवशी आईनं तिकडं पाट मांडला होता. ताटात तांदूळ, नारळ, खण, हळदीकुंकू. मी एकुलती एक साडी घालून इकडं भिंतीसमोर बसले. तिनं भिंतीलाच कुंकू लावलं, माझं कपाळ जिथं होतं तिथं. मी पदर पसरला. तिनं ओंजळीनं तांदूळ घातले, ते तिच्या बाजूला भिंतीवर आपटून खाली सांडले. माझ्या पदरात काही आलं नाही. तरी मी पदर धरून बसले.

"लग्नात तुजी वटी भरली तवा बी म्या 'ये' म्हनले हुते," ती म्हणाली. "सासरी चाललेल्या लेकीला बी ये म्हनायचं आसतंय. आज न्हाई म्हनत. लेकरामागं आईनं ऱ्हायाचं. माजं काय, मी पिकलं पान. जा बाय. सुखानं जा. मागं बगू नगंस."

"आई, असं नको म्हणू."

"जा म्हनले न्हवं? जा."

शब्द तिनंच उच्चारायचा होता, हे ना मारेनला कळलं होतं ना मला. मी काहीही म्हटलं तरी ती दरवेळी मला परत ओढत होती. आता ओढायला कुणी राहिलं नाही.

फोन मांडीवर होता. काटा फरशीतनं वर आला. पवनचक्कीचं अडकलेलं डोकं सुटलं की आधी थरथरतं आणि मग एकदम फिरतं, तसा. वर आला, दारावरनं गेला, खिडकीवरनं गेला, शर्वीच्या खोलीवरनं गेला. मला वाटलं, आता थांबेल. पुन्हा दारावर आला. आता थांबेल. थांबला नाही.

दुखलं नाही मला. तेच वाईट. भिंतीवर एक म्हातारी बाई दिसत होती, हातात नारळ घेतलेली, डोळ्याला पदर लावलेली, आणि ही माझी आई आहे हे मला कळत होतं. कळत होतं, एवढंच. पोटातनं काही उमटत नव्हतं. मी "बरं" म्हणाले आणि भिंत बंद केली.

केंद्रात मारेननं फुलं दिली. "अभिनंदन. आपला निर्देशक मुक्त झाला."

"पण तो कुठं लागतच नाही. गोल फिरतोय."

"कायद्यात केवळ सुटण्याची अट आहे," ती म्हणाली. "काहींचा कालांतराने स्थिरावतो."

"काहींचा? आणि बाकीच्यांचा?"

ती माझ्या हातातली फुलं नीट करत बसली.

घरी आले, म्हणजे येताना बसमधनं एक स्टॉप पुढं गेले. उतरल्यावर रस्त्यात उभी राहिले. पत्ता पाठ होता, इमारत दिसत होती, पण पाय कुठल्याच बाजूला आपण होऊन उचलेनात. डोक्यानं विचार करून, पाटी वाचून, चालत आले. दारात धैर्यशील उभा होता. माझ्या तोंडाकडं बघूनच तो समजला. त्यानं आपला फोन पुढं केला. त्याचा काटा गोल गोल फिरत होता, माझ्यासारखाच, संथ.

"तुझा तर वळला होता ना?"

"सुटला होता. वळला असं मी सांगत होतो."

"आणि मला बोलला नाहीस? मेल्या, एक शब्द?"

"बोललो असतो तर आली असतीस?"

मारायला हात उचलला. पण मारावंसंही वाटेना. आम्ही दोघं दारात बूट काढत बसलो, शेजारी शेजारी.

भिंत अजून आहे. आठवड्यातनं एकदा लावते, आठवणीसाठी फोनला गजर लावलाय. आई आता भाकरी लवकर उरकते आणि पाटावर हात बांधून बसते, पाहुण्यासमोर बसावं तशी. पूर्वी दर खेपेला विचारायची, "कवा येतीस?" आता विचारत नाही. उठताना मी काही म्हणत नाही आणि तीही. माझ्याकडं बघत राहते फक्त. ती वाळत चाललीय, दिसतंय मला. वाईट वाटायला पाहिजे हेही समजतं.

काल सकाळी शर्वीची शाळेची बस आली. तिला आता इथली भाषा येते, माझ्याशी तेवढी मराठी बोलते, तीही माझीच उचललेली. टोपी घातली, दप्तर घेतलं, आणि दारातनं हात हलवून मोठ्यानं, आनंदानं ओरडली, "आई, जाते!"

कुठं शिकली, हे विचारायला नको. हिवाळाभर मी आरशासमोर तोच शब्द घोटत होते.

मला माहीत होतं काय करायचं असतं. तिला हाताला धरून परत आत आणायची, बस म्हणायचं, घोटभर पाणी पाजायचं, आणि नीट म्हणवून घ्यायचं. शाळेची बस एक मिनिट थांबली असती. माहीत सगळं होतं. पण आतनं कुणी ढकलेना.

"जा," मी म्हटलं.

ती पळत गेली. लहान मुलं हरवू नयेत म्हणून त्यांची चकती वर्षभर काढत नाहीत, तिचा काटा माझ्या फोनवर दिसतो. शाळेत असो, बागेत असो, झोपेत असो, तो कायम माझ्याकडं असतो. मी स्वयंपाकघरातनं न्हाणीत गेले तरी माझ्यामागं येतो. बस वळणावर गेली तेव्हा तो थरथरला, आणि माझ्यावरनं सुटला.

मी दारातच उभी राहिले. थांबेल, म्हटलं. थांबला नाही.